पोझ्झुओलीची जमीन पुन्हा वर येतेय. दोन हजार वर्षांचा हिशेब मात्र समुद्राकडे

इटलीत नेपल्सजवळच्या पोझ्झुओली शहराला भूकंपाचे धक्के नवे नाहीत. मे २०२४मध्ये ४.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि अनेक कुटुंबांना घरं सोडावी लागली. हे शहर 'कांपी फ्लेग्रेई' या ज्वालामुखीच्या विस्तीर्ण कुंडातच वसलंय. २००५पासून इथली जमीन सव्वा मीटरहून अधिक वर आली आहे. उद्रेक होणार का, हा रहिवाशांचा प्रश्न आहे. पण उपकरणांच्या नोंदी जेमतेम शंभरेक वर्षांच्या. त्याआधीचं सांगतात ते पाण्यात गेलेले रोमन अवशेष.

शहरात जुनी रोमन बाजारपेठ आहे. १७५०मध्ये खोदकामात तिथे सेरापिस देवाची मूर्ती सापडली, म्हणून तिला मंदिर समजलं गेलं. चूक कळूनही नाव चिकटलं ते चिकटलंच! तिथल्या तीन संगमरवरी खांबांचा खालचा साडेतीन मीटरचा भाग गुळगुळीत आहे आणि त्यावर पावणेतीन मीटरचा पट्टा भोकाभोकांचा. ही भोकं दगड पोखरणाऱ्या समुद्री शिंपल्यांची. म्हणजे खांब तिथवर समुद्रात बुडाले होते. तळाचा भाग गाळात गाडला गेल्यामुळे वाचला. विशेष म्हणजे, एवढी खाली-वर होऊनही खांब उभेच राहिले. भूवैज्ञानिक चार्ल्स लायल यांनी १८३०मध्ये आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांचं चित्र छापलं.

जवळच बाया इथे रोमन श्रीमंतांचे बंगले आणि पोर्तुस युलियुस हे बंदर पाण्याखाली आहे. बंदराचे खांब ज्वालामुखीच्या राखेच्या काँक्रीटचे. (सिमेंटच्या गोणीवरचा 'पोझोलाना' हा शब्द याच शहराच्या नावावरून आला.)

हिशेब कसा करतात? धक्क्याचा माथा बांधताना पाण्याच्या थोडा वरच असणार. आज तो किती खोल आहे, ते मोजायचं. मग समुद्राची पातळी स्वतः किती वाढली, ते इटलीच्या स्थिर किनाऱ्यांवरून काढून वजा करायचं. उरलं ते जमिनीचं खचणं. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक फुटा-दीड फुटाचाच, म्हणून हे जमतं. मुंबईसारखा चार-पाच मीटरचा फरक असता तर आकडे हाती लागणं कठीण होतं.

शिंपल्यांच्या कार्बन डेटिंगवर आधारित संशोधन २००६मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार समुद्र इथे तीनदा सुमारे सात मीटरपर्यंत चढला : पाचव्या शतकात, मध्ययुगाच्या सुरुवातीला आणि १५३८च्या आधी. तिन्ही वेळा जमीन पुन्हा वर आली, पण उद्रेक झाला तो फक्त शेवटच्या वेळी. सप्टेंबर १५३८मध्ये काही दिवसांत 'मोंते नुओवो', म्हणजे 'नवा डोंगर', उभा राहिला.

अलीकडे १९६९-७२ आणि १९८२-८४ मिळून जमीन तीन मीटरहून जास्त उचलली गेली, सुमारे ४० हजार लोकांना हलवावं लागलं, पण उद्रेक झाला नाही.

सध्या पोझ्झुओलीच्या छोट्या गोदीत पाणी इतकं उथळ झालंय, की मच्छीमारांच्या होड्या तळाला टेकतात.