दौलताबादचे तळे आणि लेकीचा प्रश्न

शनिवार-रविवारची सुट्टी साधून आम्ही आमच्या अकरा वर्षांच्या लेकीला नाशिकहून छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद दाखवायला नेले. कोर्टाच्या तारखांमधून पोराबाळांसाठी वेळ काढणे आम्हा वकिलांना अवघडच. पण तिला शाळेत ‘मी पाहिलेले ऐतिहासिक शहर’ हा निबंध लिहायचा होता.

बीबी का मकबरा पाहिला, पाणचक्की पाहिली. १६१० साली खडकी या नावाने हे शहर वसविणारा मलिक अंबर हा गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता, हे ऐकून तिने वहीत लगेच नोंद केली. दुपारी दौलताबाद गाठले. वाटाड्याने यादवांची देवगिरी, १२९६ ची अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी, १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीहून इथे आणलेली राजधानी, चांदमिनार, अंधारी वाट असे सारे रंगवून सांगितले. एक प्रसंग मात्र त्याने सांगितला नाही. आम्ही विचारले, तर “माहीत नाही साहेब” म्हणाला. त्याचा दोष नाही. त्याला तो कोणी शिकवलाच नाही!

मग आम्हीच सांगितला. १९३४ साली बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. आपल्यासारखीच सहल! तीही नाशिकहूनच निघालेली. वाटेत दौलताबाद लागले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही सोबत्यांनी किल्ल्याच्या दाराबाहेरील तळ्याच्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यात तळे बाटविले म्हणून ओरडा झाला, जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. हा जमाव मुस्लिमांचा होता. मुलूख निजामाचा होता. जातीचे विष एका धर्माच्या भिंतीत राहत नाही, हा धडा बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदविला आहे. अखेर आत सोडले ते सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. कशासाठी? तर किल्ल्यात कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून!

लेकीने विचारले, “पप्पा, पण बाबासाहेब तर बॅरिस्टर होते ना? तरी पाणी नाही?”

या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. गोलमेज परिषदा गाजवून आलेला, परदेशी विद्यापीठांच्या पदव्या मिळविलेला माणूस एका तळ्याकाठी केवळ जातीने ओळखला गेला. पदवी एकट्याला वर नेते, पण तळे सर्वांना खुले करायला कायदा लागतो आणि कायदा राबवायला चळवळ लागते. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव केला होता. तरीही १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तळी, स्नानघाट, दुकाने, उपाहारगृहे यांची नावे घेऊन बंदी मोडण्यात आली. कलम १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. आम्ही ही कलमे वर्षानुवर्षे कोर्टात वाचतो. त्या दाराशी उभे राहून ती प्रथमच अंगावर आली.

आमची एक चूकही इथे कबूल करतो. “पोरगी लहान आहे, कळेल पुढे” म्हणत आम्ही तिला हे सारे सांगायचे टाळत होतो. आपल्यातील शिकलेली, फ्लॅटमध्ये राहणारी किती कुटुंबे हेच करतात! काही तर आडनावही लपवितात. त्याच दुपारी लेकीने टपरीवर पाण्याची बाटली भरून घेतली. तिला कोणी जात विचारली नाही. ते पाणी कोणी मिळवून दिले हे तिला ठाऊक नसेल, तर उद्या ते कोणी पुन्हा अडविले, तेव्हा ती भांडेल कशाच्या बळावर?

रविवारी तिला नागसेनवनात नेले. ज्या मुलखात बाबासाहेबांना पाण्यासाठी अडविले, त्याच मुलखात १६ वर्षांनी, १९५० साली, त्यांनी मिलिंद महाविद्यालय उभे केले. अपमानाला दिलेले हे उत्तर होते.

बंधू-भगिनींनो, मुलांना मकबरा जरूर दाखवा, पण त्या तळ्यापाशीही घडीभर थांबा. वाटाड्या सांगणार नाही, आई-बापांनीच सांगायचे आहे. लेकीच्या निबंधाचे पहिले वाक्य आता दौलताबादच्या तळ्याचे आहे.

जयभीम!