वृद्धांसाठी अग्रिम-शुल्क आरोग्यसेवा योजना

दर सभासदामागे दरमहा ठराविक रक्कम आगाऊ घेऊन वृद्धांच्या उपचारांची संपूर्ण जबाबदारी एकाच संस्थेने पत्करण्याची व्यवस्था. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ती विशेष रूढ आहे. प्रत्येक उपचाराचे शुल्क वेगळे आकारण्याच्या पद्धतीत उपचार वाढतील तसे वैद्याचे उत्पन्न वाढते. येथे उलट, सभासदावर खर्च कमी झाला, तर संस्थेस लाभ होतो. मग तो खर्च आजार टळल्यामुळे वाचला असो वा उपचार नाकारल्यामुळे.

सिडनी गारफील्ड या शल्यचिकित्सकाने १९३३ मध्ये मोहावी वाळवंटात कालव्याच्या कामावरील मजुरांसाठी रुग्णालय काढले आणि दर मजुरामागे रोजी ५ सेंट आगाऊ घेऊन ते तगविले. पुढे उद्योगपती हेन्री कायझर यांच्या पाठबळाने उभी राहिलेली ही योजना १९४५ मध्ये सर्वांस खुली झाली. मजूर मात्र तरुण व धडधाकट होते. वृद्धांचे गणित निराळे असते.

६५ वर्षांवरील नागरिकांसाठी ‘मेडिकेअर’ हा शासकीय विमा १९६५ च्या कायद्याने आला. १९८२ च्या कायद्यान्वये, त्या त्या परगण्यात मेडिकेअरला येणाऱ्या सरासरी दरडोई खर्चाच्या ९५ टक्के रक्कम शासन अशा संस्थांना देऊ लागले. ५ टक्के बचतीची ही अपेक्षा फोल ठरली, कारण तुलनेने निरोगी वृद्धच या योजनांकडे वळले आणि शासन त्यांच्यासाठी सरासरीचा दर मोजत राहिले. २००४ पासून सभासदाच्या नोंदलेल्या आजारांनुसार दर ठरविण्याची पद्धत क्रमाने लागू झाली. तेव्हा जास्तीत जास्त आजार नोंदविणे हेच फायद्याचे ठरले. २००३ च्या कायद्याने या योजनांस ‘मेडिकेअर ॲडव्हांटेज’ हे नाव मिळाले. २०२३ पर्यंत निम्म्याहून अधिक पात्र लाभार्थी त्यांत दाखल झाले होते.

सभासदास बहुधा दात, चष्मा इत्यादींसाठी जादा सवलती मिळतात. वर्षभरात त्याने पदरचा किती खर्च सोसावा, यालाही मर्यादा असते. मूळ मेडिकेअरमध्ये ती नाही. तथापि यादीतील वैद्यांकडेच जावे लागते व महाग उपचारांस पूर्वपरवानगी लागते. शासकीय महानिरीक्षकांच्या २०२२ च्या अहवालानुसार, तपासलेल्या पूर्वपरवानगीच्या नकारांपैकी १३ टक्के प्रकरणे मेडिकेअरच्या नियमांत बसणारी होती. मूळ मेडिकेअरकडे परतणेही सोपे नसते. तेथील उरलेला खर्च भागविणारा पूरक विमा बहुतेक राज्यांत आजारी वृद्धास नाकारता येतो. त्यामुळे ६५ व्या वर्षी धडधाकट असताना केलेली निवड पुढे आजारपणात बांधून ठेवते.

याच तत्त्वावरील निराळा प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीत झाला. ‘ऑन लोक’ ही संस्था तेथे १९७१ मध्ये स्थापन झाली. शुश्रूषागृहात ठेवण्याजोग्या दुर्बल वृद्धांना ती दिवसा केंद्रात आणते. वैद्य, परिचारिका, जेवण व वाहन यांची सोय करते आणि रात्री त्यांना घरी पोहोचविते. येथे सभासद मुळातच आजारी असल्याने निरोगी तेवढे वेचण्यास वाव राहत नाही. १९९७ मध्ये या नमुन्यास मेडिकेअरमध्ये कायमचे स्थान मिळाले.