सर्पदंश, भगत आणि विश्वसनीय माहिती

उपचाराची निवड रुग्णाने करावी, हे तत्त्व एकदा मान्य केले की त्या निवडीस आधारभूत अशी माहिती त्याला कोठून मिळते, हा प्रश्न ओघानेच येतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत त्याचे स्वरूप सर्पदंशाच्या प्रसंगी विशेष स्पष्ट होते. हा मुलूख डोंगराळ व भातशेतीचा. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे विखुरलेले. दंश झालेल्या माणसापुढे मुख्यतः दोन वाटा असतात : भगत किंवा सरकारी दवाखाना.

भगतावरील विश्वास केवळ अज्ञानातून उद्भवतो, असे म्हणणे शास्त्रीय ठरणार नाही. त्यामागे अनुभव आहे. पुष्कळसे साप बिनविषारी असतात. विषारी सापही कित्येकदा चावताना विष सोडत नाही. असे रुग्ण मंत्रावाचूनही बरे झाले असते; श्रेय मात्र मंत्राला मिळते. शिवाय, बरा झालेला माणूस गावभर साक्ष देतो. दगावलेला ती देऊ शकत नाही. म्हणून ऐकीव अनुभव प्रामाणिक असला, तरी तो पुरेसा पुरावा नव्हे.

वैद्यकाने सिद्ध केलेली आवश्यक माहिती तशी थोडकीच आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष दिले जाते. सबब साप मारून आणण्यात वेळ दवडू नये. मण्यारीच्या दंशाने बहुधा सूज वा वेदना होत नाही. म्हणून लक्षणांची वाट पाहू नये. जखम कापू नये, दोरी आवळू नये. दंश झालेला अवयव न हलवता रुग्णास तातडीने दवाखान्यात न्यावे.

परंतु एवढ्याने निवड पुरी होत नाही. जवळच्या दवाखान्यात आज प्रतिविष आहे काय, रात्री डॉक्टर भेटतात काय, हे कोणताही ग्रंथ सांगू शकत नाही. ही माहिती सेवा घेणाऱ्यांकडूनच गोळा व्हावी लागते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ साली महाराष्ट्रातील ज्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीस प्रारंभ झाला, त्यांत ठाणे जिल्हा होता. सेवेची प्रत गावकऱ्यांनी ठरवावी, तिचे प्रगतिपत्रक तयार करावे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांस जाब विचारावा, अशी ही पद्धती होय.

पहिली माहिती खरी असूनही दुसरी चुकली, तर रुग्ण दवाखान्याच्या दारातून परततो, आणि पुढच्या वेळी सारा पाडा भगताकडेच वळतो. दोन्हींची सांगड पडेल तेव्हाच रुग्णाच्या निवडीस काही अर्थ उरेल.