दाताची टोपी आणि दातांचा पूल

हाताचे हाड मोडले तर काही आठवडे प्लास्टरमध्ये ठेवल्यावर ते सांधते. गुडघा खरचटला तर कातडी भरून येते. पण दाताचा टवका उडाला, की तो जन्मभर उडालेलाच राहतो. असे का होत असेल?

दाताचे बाहेरचे पांढरे आवरण म्हणजे एनॅमल, मराठीत दंतवल्क. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. हाडात जिवंत पेशी असतात आणि त्या मोडतोड दुरुस्त करत राहतात. दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून वर येतानाच नाहीशा होतात. इमारत उभी राहिली आणि गवंडी गाव सोडून गेले! लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट अगदी सुरुवातीची झीज भरून काढतात; पण एकदा खड्डा पडला, की दुरुस्ती बाहेरूनच करावी लागते.

खड्डा लहान असेल तर तो भरून भागते. कीड आतल्या गरापर्यंत गेली तर गर काढून मुळाची नळी साफ करून बंद करतात. यालाच आपण रूट कॅनॉल म्हणतो. दात वाचतो, पण दाढेच्या उरलेल्या भिंती पातळ झालेल्या असतात. सुपारी किंवा खडीसाखर पाचरीसारखी मधे घुसली, की त्या दोन बाजूंना फाकतात. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव कशासाठी चढवतात ते आठवा. चाकाचे तुकडे बाहेरून आवळून धरण्यासाठी. दाढेवरची टोपी, म्हणजे क्राऊन, हेच काम करते.

टोपी बसवायची तर तिच्या जाडीइतकी जागा हवी. म्हणून हिऱ्याची कणी लावलेल्या फिरत्या हत्याराने दात सर्व बाजूंनी एक ते दोन मिलिमीटर तासतात. या तासण्यात भूमिती आहे. घरातले स्टीलचे दोन पेले एकात एक बसवून पाहा. बाजू जवळजवळ सरळ असतील तर ते घट्ट अडकतात. उलट, विदूषकाची निमुळती टोपी एका फुंकरीने उडते. म्हणून दाताच्या बाजूंना अगदी थोडाच उतार ठेवतात. मुळीच नाही ठेवला तर? मग टोपी खाली उतरताना आतले सिमेंट बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ती वरच अडकते.

आता टोपी घडवायची कशी? अमेरिकेतील विल्यम टॅगार्ट यांनी १९०७ साली जी पद्धत दंतवैद्यांपुढे मांडली, ती मुळात फार जुनी. मोहेंजोदडोची नर्तिकेची मूर्ती त्याच पद्धतीची आणि बस्तरचे ढोकरा कारागीर आजही ती वापरतात. मेणाची प्रतिकृती करायची, भोवती साचा करायचा, तापवून मेण घालवायचे आणि पोकळीत धातूचा रस ओतायचा. पण मूर्ती केसभर लहान झाली तरी बिघडत नाही. दाताची टोपी झाली तर ती बसतच नाही. सोन्याचा मिश्रधातू थिजून थंड होताना सुमारे दीड टक्का आकसतो. दहा मिलिमीटर रुंदीच्या दाढेत ही चूक ०.१५ मिलिमीटर झाली. यावर तोडगा असा, की साच्यात जिप्समबरोबर सिलिका मिसळतात. असा साचा घट्ट होताना आणि तापताना प्रसरण पावतो. साचा जेवढा फुगतो, तेवढाच धातू आकसतो आणि टोपी मापाची होते.

धातूची टोपी टिकाऊ, पण हसताना चमकते. दातासारखी दिसते ती चिनी माती; मात्र ती दाब सोसते आणि ताण पडला की तडकते. मग धातूवरच चिनी मातीचा थर भाजून बसवण्याची युक्ती निघाली. तिची अमेरिकेतील पेटंटे १९६२ सालची आहेत. यात धातू असा निवडतात, की भट्टीतून काढल्यावर तो चिनी मातीपेक्षा किंचित जास्त आकसेल. त्यामुळे वरचा थर कायम थोडा दाबाखाली राहतो आणि सहजी तडकत नाही. पुस्तकात रुक्ष वाटणारा प्रसरणांक इथे कसा कामाला आला पाहा!

अलीकडे धातूशिवाय झिर्कोनियाच्या टोप्याही करतात. या पदार्थात तडा जाऊ लागला, की तड्याच्या टोकाजवळील स्फटिक आपली रचना बदलतात, थोडे फुगतात आणि तडा चेपून धरतात. जखम भरून येणे नव्हे हे, पण ती वाढू न देणे नक्कीच.

दात समूळ गेला असेल तर टोपी ठेवणार कशावर? जागा तशीच सोडली तर शेजारचे दात हळूहळू त्या बाजूला कलतात आणि समोरच्या जबड्यातला दात मोकळ्या जागेत उतरू लागतो. म्हणून दोन्ही बाजूंच्या दातांवर टोप्या चढवून मधे खोटा दात अधांतरी धरतात. हा झाला पूल, म्हणजे ब्रिज. इटलीतील एट्रुस्कन लोक अडीच हजार वर्षांपूर्वी सोन्याच्या पट्ट्यांनी असे दात बांधत असत.

पुलाचे नियम तोंडातही चुकत नाहीत. एक प्रयोग करा. दोन वह्यांच्या चवडींवर प्लॅस्टिकची लांब पट्टी आडवी ठेवा. चवडींतील अंतर १२ सेंटिमीटर असताना मध्यावर वजन ठेवून पट्टी किती वाकते ते मोजा. मग अंतर २४ सेंटिमीटर करून तेच वजन ठेवा. पट्टी दुप्पट नव्हे, सुमारे आठपट वाकेल, कारण वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. एका दाताऐवजी सारख्याच मापाचे तीन दात पेलायचे तर पूल सत्तावीसपट वाकणार. लांब पुलावरची चिनी माती का तडकते, हे यावरून कळेल. शिवाय सारा भार शेवटी शेजारच्या मुळांवर जातो. आधाराच्या दातांच्या मुळांचे पृष्ठफळ गेलेल्या दातांच्या मुळांइतके तरी असावे, असा दंडक अँटे यांनी १९२६ साली सांगितला. तो आज काटेकोर मानत नाहीत, पण अंदाजाला उपयोगी पडतो.

पुलाची खरी किंमत शेजारी देतात. त्यांना कीड नसली तरी ते तासावे लागतात आणि तासलेले दंतवल्क परत येत नाही. मला हा व्यवहार नेहमीच महाग वाटत आला आहे. यातून सुटण्याची एक वाट स्वीडनच्या ब्रॅनेमार्क यांना मिळाली. १९५२ साली सशाच्या हाडात बसवलेले टिटॅनियमचे उपकरण त्यांना काढता येईना. हाड त्याला घट्ट चिकटले होते. १९६५ साली त्यांनी टिटॅनियमची मुळे प्रथम एका रुग्णाच्या जबड्यात बसवली. त्यावर टोपी चढवली, की शेजाऱ्यांना धक्का लागत नाही.

तुमच्या वयात मात्र हे मूळ सहसा बसवत नाहीत. जबडा वाढतो, खरे दात त्याबरोबर सरकतात आणि हाडाला चिकटलेले कृत्रिम मूळ जागच्या जागी राहून मागे पडते. क्रिकेटचा चेंडू लागून पुढचा दात गेलेल्या मुलाला मग पातळ पंख असलेला खोटा दात देतात. पंख शेजारच्या दाताला मागून चिकटवतात, त्यामुळे फारसे तासावे लागत नाही. (आणि पक्का दात मुळासकट निघालाच, तर मूळ न चोळता, न खरवडता तो दुधात ठेवून लगेच दंतवैद्याकडे धावा. तो पुन्हा रुजण्याची शक्यता असते.)

आरशासमोर आता एवढे पाहा. जबड्यात मागे, दुधाच्या दाढांच्याही पाठीमागे, सहाव्या वर्षाच्या सुमारास एक मोठी दाढ येते. तिच्या जागी कोणताही दुधाचा दात पडलेला नसतो, म्हणून घरातले तिलाच दुधाची समजतात आणि किडली तरी ‘पडेल आणि नवी येईल’ म्हणून सोडून देतात. ती पक्की दाढ आहे; तिच्या खाली दुसरी नाही. तिच्यावर पुढे टोपी चढली तरी टोपीला कीड लागत नाही, पण टोपीची कड हिरडीजवळ जिथे संपते तिथे खरा दात उघडाच असतो. कीड पुन्हा शिरते ती तिथूनच, आणि रूट कॅनॉल झालेल्या दाताला ती दुखून कळतही नाही.