वूडन फ्लोअरिंग करताय? डिझाइन नंतर बघा, आधी फळीची कड बघा

शोरूममध्ये जाऊन 'वूडन फ्लोअरिंग दाखवा' म्हटलं की समोर तीन वेगळ्या वस्तू येतात. लांबून तिन्ही सारख्याच दिसतात. पण एकीच्या वर खरं लाकूड असतं, दुसरीवर लाकडाचा छापील फोटो असतो आणि तिसरी चक्क प्लास्टिकची असते. दुकानात मात्र तिघींना 'वूडन'च म्हणतात. घोळ इथूनच सुरू होतो.

फोटोवाली म्हणजे लॅमिनेट. लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, त्यावर छापील कागद आणि वर पारदर्शक कडक थर. प्लास्टिकवाली म्हणजे एसपीसी किंवा व्हिनाइल. ही पाण्याला सगळ्यात दणकट, कारण तिच्यात लाकूडच नसतं. आणि खऱ्या लाकडाची म्हणजे इंजिनिअर्ड वूड. लॅमिनेट किंवा एसपीसी घेण्यात काहीच वाईट नाही. फक्त पैसे लाकडाचे मोजून घरी फोटो येऊ नये.

ओळखायचं कसं? फळी उचला आणि तिची कड बघा. वर लाकडाचा वेगळा थर आणि खाली प्लायचे थर किंवा बोर्ड दिसला, तर ती इंजिनिअर्ड. आणखी एक खूण आहे. पाच-सहा फळ्या शेजारी ठेवा. तीच गाठ, त्याच रेषा पुन्हा दिसल्या तर तो छापील फोटो आहे. झाड स्वतःची कॉपी काढत नाही.

अख्खं लाकूडच का नको?

लाकूड हवेतला ओलावा शोषतं आणि सोडतं. पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं आणि दिवाळीपर्यंत आपोआप सुटतं, त्याचं कारण हेच. पण लाकूड सगळ्या बाजूंनी सारखं फुगत नाही. रेषांच्या दिशेनं, म्हणजे लांबीत, ते जवळपास तेवढंच राहतं. रुंदीत मात्र फुगतं. इंजिनिअर्ड फळीत एका थराच्या रेषा उभ्या, तर त्याखालच्या थराच्या आडव्या असतात. एक थर फुगायला गेला की दुसरा त्याला धरून ठेवतो. त्यामुळे ही फळी अख्ख्या लाकडापेक्षा कमी हलते. कमी म्हणजे शून्य नाही, आणि विकताना नेमकी हीच गोष्ट सांगायची राहून जाते.

सगळे पैसे वरच्या थराचे

'14 मिमीची फळी आहे सर' हे ऐकून खूश होऊ नका. त्यातलं वरचं खरं लाकूड किती, हे विचारा. ते 0.6 मिमी असू शकतं किंवा 6 मिमीसुद्धा. काही वर्षांनी चरे पडले की लाकडी जमीन मशीननं घासून पुन्हा पॉलिश करता येते, आणि प्रत्येक वेळी साधारण अर्धा ते एक मिमी लाकूड निघून जातं. वरचा थर 3-4 मिमीचा असेल तर जमीन दोन-तीनदा नवी करता येते. 0.6 मिमीची फळी घासली तर खालचा प्लाय वर येईल. म्हणजे तिला एकच आयुष्य. भाड्यानं द्यायच्या फ्लॅटला ते चालेल, वीस वर्षं राहायच्या घराला नाही. कोटेशनवर हा आकडा लेखी घ्या.

फिनिश दोन प्रकारचं मिळतं. लॅकर चिवट असतं आणि रोजची देखभाल कमी मागतं, पण त्यावर खोल चरा पडला की तेवढाच भाग नीट दुरुस्त होत नाही. तेल-मेणाचं फिनिश अधूनमधून पुन्हा लावावं लागतं, पण जिथे चरा तिथेच काम भागतं. लहान मुलं किंवा कुत्रा घरात असेल तर दुसरं जास्त सोयीचं. शिवाय मॅट फिनिशवर चरे कमी दिसतात. आणि हो, थरांमधल्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड वायू निघू शकतो, म्हणून कमी उत्सर्जनाचा ई1 दर्जा आहे का, तेही विचारून घ्या.

मुंबईचा जुलै, नागपूरचा मे

लाकडी जमिनीला घरातली सापेक्ष आर्द्रता साधारण 40 ते 60 टक्के लागते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो आणि हवा इतकी कोरडी की फळ्यांमध्ये फटी पडू शकतात. त्यात विदर्भातला कूलर! महिनाभर वाळलेल्या लाकडावर तो अचानक दमट हवा सोडतो, आणि टाकीतून पाणी ठिबकलं तर बघायलाच नको. वॉरंटीचे कागद नीट वाचा. घरातली आर्द्रता ठरावीक पट्ट्यात नसेल तर दावा मान्य होणार नाही, अशी अट त्यात बऱ्याचदा असते.

काही घरांत मात्र हा खर्च करूच नये. जमिनीतून ओल चढणारं तळमजल्याचं घर, वरच्या मजल्यावरून गळती असलेली खोली आणि पावसाळाभर कुलूपबंद राहणारं कोकणातलं घर. बंद घरात हवा खेळत नाही, ओलावा साचत जातो आणि गणपतीला दार उघडाल तेव्हा फळ्या उचललेल्या दिसतील. स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या दाराजवळही फरशीच बरी.

सुतार यायच्या आधी

नवीन काँक्रीट वरून कोरडं दिसलं तरी आतून ओलं असतं. ढोबळ हिशेब असा की एक इंच जाडीला सुकायला साधारण एक महिना लागतो. घरच्या घरी तपासायचं तर दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं जमिनीला चिकटवा आणि एक रात्र, निदान 16 तास, तसाच ठेवा. काढल्यावर खाली दव किंवा काळपट ओलसर डाग दिसला तर थांबा.

जुन्या फरशीवरही ही जमीन बसवता येते. आधी फरशा टकटक करून बघा, पोकळ वाजणाऱ्या पक्क्या करून घ्या. पण उंचीचा हिशेब आधीच करा. 14 मिमीची फळी आणि 2 मिमीचा फोम म्हणजे 16 मिमी, तेवढी सगळी दारं खालून कापावी लागतात. फळ्यांची खोकी त्याच खोलीत दोन-तीन दिवस ठेवून मगच काम सुरू करा. आणि भिंतीपाशी 8 ते 12 मिमी फट सोडली आहे ना, ते समोर उभं राहून बघा. स्कर्टिंगखाली ती झाकली जाते, त्यामुळे कामगार कधी कधी सोडतच नाहीत. मग फुगलेल्या फळ्यांना जायला जागा उरत नाही आणि जमीन मधोमध उचलली जाते.

बादली आणि फिनाइल विसरा

आपल्याकडे लादी पुसणं म्हणजे बादलीभर पाणी, फिनाइल आणि ओला पोछा. लाकडी जमिनीला ते रोजचं विष आहे. घरकामाला येणाऱ्या ताईंना पहिल्याच दिवशी दाखवून द्या. रोज मऊ झाडू किंवा कोरडा मायक्रोफायबर मॉप आणि आठवड्यातून एकदा घट्ट पिळलेलं फडकं पुरतं. पुसल्यावर ओल एक-दोन मिनिटांत उडाली पाहिजे. ॲसिड, व्हिनेगर आणि वाफेचा मॉप अजिबात नको. समईखाली ताम्हन, कुंडीखाली स्टँड आणि खुर्चीच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावा. रबराच्या पाठीचं पायपुसणं टाळा, त्याचा डाग लाकडावर कायमचा उमटू शकतो.

इतकं करूनही पावसाळ्यात फळ्यांच्या कडा वर आल्या आणि मधला भाग खोलगट झाला, तर खालून ओल येते आहे असं समजा. आधी पाण्याचा उगम शोधा. वॉशिंग मशीनचा पाइप, एसीची ड्रेन नळी, शेजारच्या बाथरूमची भिंत, सगळं तपासा. तेव्हाच कुणी 'घासून सपाट करून देतो' म्हणालं तर नको म्हणा. ओल्या फळीच्या कडा घासल्या की ती सुकल्यावर मधोमध उंच राहते आणि मग तिला पूर्ववत करणं फार अवघड. खोली कोरडी ठेवून काही आठवडे वाट पाहिली तर हलक्या फुगलेल्या फळ्या पुष्कळदा आपोआप बसतात. नाहीच बसल्या तर तेवढ्या बदलाव्या लागतात, म्हणून काम संपल्यावर उरलेलं एखादं खोकं परत देऊ नका. पलंगाखाली आडवंच ठेवा. उभं ठेवलं तर फळ्या वाकतात, आणि तीन-चार वर्षांनी ती शेड बाजारात मिळेलच असं नाही.