आधी भिंत, मग खड्डा

देवनार-गोवंडीच्या बाजूला जुनी इमारत पाडून टॉवर उभा राहायचा असला की प्लॉटभोवती आधी पत्रे लागतात आणि मग आतून धाड… धाड… सुरू होतं. टॉवर म्हटला की पार्किंग आलं, पार्किंग म्हटलं की दोन मजली तळघर. म्हणजे सात-आठ मीटर खोल खड्डा, आणि त्याच्या काठाला चिकटून शेजारची इमारत. तिथे माणसं राहताहेत, गॅसवर कुकर चढलाय. मग हा खड्डा खणायचा कसा? उतरत्या कडा ठेवून खणायला जागाच नाही. सरळ खणावं, तर माती आत येणार आणि तिच्यामागोमाग शेजाऱ्यांचा जिना.

त्यात हा भाग खाडीच्या शेजारचा. वर भराव, त्याखाली काळा गाळ, मग मुरूम आणि तळाशी बेसॉल्ट. पाणीही फार खोल नसतं. एखाद्या भिंतीमागे दहा मीटर पाणी साठलं, तर ते तिच्या प्रत्येक धावत्या मीटरला जवळजवळ 50 टनांनी ढकलतं. हे नुसतं पाण्याचं, मातीचा रेटा आणखी वेगळा.

यावरची युक्ती उफराटी आहे. खड्डा खणायचाच नाही. आधी भिंत बांधायची, तीही जमिनीच्या पोटात, वर उभं राहून, डोळ्यांना न दिसता! खड्डा नंतर.

ही भिंत बांधतात भोकाभोकाने. साठ सेंटीमीटर ते मीटरभर व्यासाचं एक भोक पाडायचं, ते काँक्रीटने भरायचं, की झाली एक पाइल, मग पुढचं. पण ज्या गाळात खड्डा टिकत नाही, त्यात वीस मीटर खोल भोक तरी कसं टिकेल? कारण ते कधी रिकामं ठेवतच नाहीत. माती निघते तसं तिच्या जागी बेंटोनाइटचं पाणी भरत जातात. ही चिकणमाती विलक्षण आहे. ढवळली की वाहते, थांबली की थिजते. तिचा पातळ थर भोकाच्या कडेवर लिंपला जातो आणि आतल्या द्रवाचा दाब त्या कडेला बाहेर रेटून धरतो. आपल्याकडे ती प्रामुख्याने कच्छ आणि राजस्थानातून येते. कच्छमधलं बरंच बेंटोनाइट दख्खनच्या ज्वालामुखी खडकांचंच रूप पालटून झालेलं आहे. म्हणजे तळाच्या ज्या खडकावर छिन्नी आपटतेय, त्याचाच दूरचा भाऊबंद वर भोक सांभाळत बसलाय!

छिन्नी म्हणजे साइटवरचं चिझल. आता मोठ्या रिग आल्यात, पण छोट्या प्लॉटवर अजूनही लोखंडी तिपाई दिसते. विंच कुरकुरत जड चिझल वर ओढते, सोडते, धाड. मग तोच दोर बेलर घेऊन खाली जातो आणि राखाडी खडीचा चिखल भरून वर येतो.

आता सळयांचा पिंजरा उतरवायचा आणि काँक्रीट ओतायचं. वरून ओतलं तर ते चिखलात कालवलं जाईल. म्हणून ट्रेमी नावाचा लांब पाइप तळापर्यंत सोडतात. काँक्रीट जड असल्याने खालून वर चढतं आणि बेंटोनाइटला उचलत उचलत बाहेर घालवतं. पाइपचं तोंड सतत ताज्या काँक्रीटमध्ये बुडालेलं हवं, ते एकदा जरी बाहेर आलं तरी पाइलमध्ये चिखलाची फट राहू शकते. आधी माती, मग बेंटोनाइट, मग काँक्रीट. आपला शेजार कधी बदलला, हे बाजूच्या मातीला कळतच नाही.

अशा पाइल एकमेकींना खेटून ओळीत उभ्या केल्या की झाल्या ‘टच पाइल’. मातीला त्या पुरतात, पाण्याला नाही. ते फटीतून झिरपतं आणि बारीक वाळूही सोबत नेतं. म्हणून सीकंट पाइल. आधी पहिली, तिसरी, पाचवी अशा एकाआड एक पाइल ओततात, बहुधा बिनसळईच्या, कच्च्या काँक्रीटच्या. मग दुसरी आणि चौथी थेट त्यांच्या कडा कापत खाली उतरवतात. नुकतंच ओतलेलं काँक्रीट मुद्दाम कापायचं! वरून पाहिलं तर खंडग्रास ग्रहणांची माळच. घाई झाली तर कच्ची कड ढासळते, उशीर झाला तर ती दगड होते आणि ड्रिल मऊ बाजूला सरकतं. शिवाय दोनशेत एक इतका कल गेला, तरी वीस मीटर खाली दहा सेंटीमीटरची चूक होते. शेजारच्या दोन पाइल उलट दिशांना कलल्या तर वीस! मग एकमेकींत घुसलेल्या पाइलची पंधरा सेंटीमीटरची मिठी सुटलीच म्हणायची. म्हणून सुरुवातीलाच जमिनीवर काँक्रीटचा, गोल खाचांचा साचा ओततात. मला तरी सगळ्या कामात हा साचाच सर्वांत हुशार वाटतो.

ही युक्ती फक्त टॉवरपुरती नाही. मुंबईच्या मेट्रो-3 ची 27 पैकी 26 स्थानकं भुयारी आहेत. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या साडेतेहतीस किलोमीटरच्या वाटेवर कितीतरी ठिकाणी अशाच पाइलच्या आडोशाने खोदाई झाली. कफ परेडला तर समुद्रात भराव टाकून केलेल्या जमिनीत. रात्रीच्या कामाचा आवाज 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ऑक्टोबर 2025 पासून ही गाडी पूर्ण मार्गावर धावतेय.

परत आपल्या प्लॉटवर. भिंत तयार झाली की पाइलची डोकी तोडतात, कारण वरचं काँक्रीट चिखलमिश्रित असतं. तिथे सगळ्यांना बांधणारा कॅपिंग बीम येतो आणि मगच पोकलेन आत उतरतो. दोन-तीन मीटर खणा, आडव्या लोखंडी तुळया लावा, टेकू द्या किंवा तिरके अँकर मागच्या खडकात रोवा, मग पुढचे दोन-तीन मीटर. भिंत थोडी वाकतेच. किती, ते पाइलमध्ये आधीच बसवून ठेवलेल्या नळीत उपकरण सोडून मिलिमीटरमध्ये मोजतात. पुढे तळघराचे स्लॅब खालून वर चढत जातात, रेटा त्यांच्या अंगावर येतो, आणि टेकू एकेक करून काढले जातात.