फेरफार नोंदवही : दस्तऐवजातील बदलांच्या नोंदीची एक परिचित पद्धती

प्रस्तावना

नॅक मूल्यांकनाच्या निमित्ताने महाविद्यालयांत कार्यपद्धतीचे लेखी दस्तऐवज तयार होऊ लागले आणि त्यांच्या पहिल्या पानावर 'आवृत्ती क्रमांक, दिनांक, बदलाचा तपशील, मंजुरी' असा तक्ताही आला. आयएसओ 9001 या मानकातील दस्तऐवज-नियंत्रणाच्या अपेक्षांशी त्याचे नाते आहे. अनेकदा हा तक्ता 'किरकोळ दुरुस्ती' एवढ्या दोन शब्दांनी भरला जातो. बदलाची नोंद नेमकी कशासाठी ठेवावयाची, हे जाणून घेण्यासाठी मात्र आंतरराष्ट्रीय मानकापर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. जव्हार किंवा मोखाडा तालुक्यातील कोणत्याही तलाठी सजाचे दप्तर त्यासाठी पुरेसे आहे.

फेरफाराची रचना

सातबारा उतारा हा जमिनीच्या नोंदीची चालू आवृत्ती होय. त्यात झालेल्या प्रत्येक बदलाचा इतिहास गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 149 व 150 मध्ये ही पद्धत सांगितली आहे. हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास (आता 'ग्राम महसूल अधिकारी') कळवावयाचे. तलाठ्याने नोंद करून तिची प्रत चावडीत लावावयाची व हितसंबंधितांना लेखी सूचना द्यावयाची. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. त्यानंतर नोंद तपासून प्रमाणित करावयाची ती तलाठ्याने नव्हे, तर सामान्यतः मंडळ अधिकाऱ्याने. लिहिणारा आणि मंजुरी देणारा वेगळा, हे तत्त्व येथे कायद्यानेच घालून दिले आहे.

हस्तलिखित सातबाऱ्यातील प्रथा तर अधिक बोलकी होती. प्रमाणित न झालेली नोंद पेन्सिलीने केली जाई आणि प्रमाणनानंतर ती शाईने पक्की होई. जुन्या खातेदाराचे नाव खोडून नाहीसे केले जात नसे. त्यास कंस केला जाई व नव्या नावाशेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक लिहिला जाई. त्यामुळे नाव कोणाचे होते, कोणाचे झाले आणि कशाच्या आधारे, ही तिन्ही उत्तरे एकाच कागदावरून शोधता येत.

जव्हार-मोखाड्यातील महत्त्व

हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी या समाजांची येथे मोठी वस्ती आहे. आदिवासी खातेदाराच्या जमिनीची बिगर-आदिवासीस विक्री संहितेच्या कलम 36 अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून होऊ शकत नाही, आणि ती मंजुरीही शासनाच्या पूर्वमान्यतेने द्यावयाची असते. त्यापूर्वीच्या व्यवहारांसाठी अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा 1974 चा अधिनियम आहे. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या कालावधीत झालेली हस्तांतरणे त्याच्या कक्षेत येतात.

समजा, एका वारली कुटुंबातील नातवास आजोबांच्या जमिनीच्या उताऱ्यावर परक्याचे नाव दिसले. चालू उतारा त्यास एवढेच सांगतो की जमीन आज दुसऱ्याची आहे. फेरफार क्रमांकावरून मागे गेल्यास व्यवहार 1955 चा होता की 1962 चा, हे कळते, आणि या अधिनियमाखाली दाद मागता येईल की नाही, हे मुळात त्या सात वर्षांच्या अंतरावर अवलंबून असते. येथे आणखी एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. व्यवहाराचा दिनांक, नोंदीचा दिनांक आणि प्रमाणनाचा दिनांक हे तीन वेगळे असतात. 1956 मधील व्यवहाराची नोंद 1958 मध्ये झाली असेल, तर केवळ नोंदीचा दिनांक पाहणारा चुकीच्या निष्कर्षास पोहोचेल. (महाविद्यालयीन तक्त्यात दिनांकाचा रकाना एकच असतो.)

जेथे साखळी तुटते

हस्तलिखित सातबाऱ्याचे साधारणतः दर दहा वर्षांनी पुनर्लेखन होत असे. नवे पान लिहिताना रद्द झालेल्या नोंदी वगळल्या जात. त्याबरोबर 'इतर हक्क' या रकान्यातील एखादा शेरा, उदाहरणार्थ हस्तांतरणावरील निर्बंधाचा, गळून गेला तर तो कोणाच्याही आदेशाने रद्द झालेला नसे. केवळ लिहावयाचा राहिलेला असे. असा बदल ओळखण्याची खूण एकच : त्याच्यामागे फेरफार नसतो. कलम 155 अन्वये लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो. मात्र त्या दुरुस्तीचाही स्वतंत्र फेरफार घ्यावा लागतो आणि चुकलेले पान दप्तरातच राहते. 2020 मध्ये शासनाने सातबाऱ्याच्या नमुन्यात बदल केले, त्यांत शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक, प्रलंबित फेरफार आणि जुने फेरफार क्रमांक ठळकपणे दाखविण्याची सोय झाली. फेरफार म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केले आहे; पण पुराव्यापर्यंतची वाट त्यातूनच जाते.

महाविद्यालयाच्या दप्तरात

अभ्यासक्रम बदलल्यावर जुन्या अभ्यासक्रमाचे अनुत्तीर्ण विद्यार्थी पुढील काही सत्रे परीक्षेस बसतात. त्यांच्यासाठी गुणविभागणी कोणती लागू, हे विभागातील संचिकेत सापडत नाही, कारण नवी प्रत आली की जुनी रद्दीत जाते. जुन्या प्रतीवर 'रद्द' असा शिक्का मारून, रद्द झाल्याचा दिनांक व नव्या परिपत्रकाचा क्रमांक लिहून ती त्याच संचिकेत ठेवली, तर तलाठ्याने नावास केलेल्या कंसाचेच काम तेथे होते. तक्त्यात 'किरकोळ दुरुस्ती' या शब्दांऐवजी कोणते कलम बदलले, कोणत्या बैठकीच्या कोणत्या ठरावाने बदलले आणि ते कोणत्या सत्रापासून लागू, एवढे लिहिण्यास दोन ओळी पुरतात.